हापूसचा केक आणि चक्क्याचं फ्रॉस्टिंग: मे महिन्यातलं एक प्रकरण

डोंबिवलीतलं एकत्र कुटुंब. घरातले ज्येष्ठ, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ७५ वर्षांचे होणार होते. संध्याकाळी ७५ दिव्यांनी ओवाळायचं, मग तीसएक माणसांचं जेवण, आणि त्याआधी नातवंडांच्या हट्टाखातर केक. थोरल्या सूनबाईंनी (मी त्यांना वहिनी म्हणते) ठरवलं की केक विकतचा आणायचा नाही. गावाहून, रत्नागिरी जिल्ह्यातून, हापूसच्या पेट्या दरवर्षी येतातच. त्याच आंब्यांचा केक घरी करायचा. अटी दोनच. अंडं चालणार नाही, आणि वरून गोड फ्रॉस्टिंग हवंच, नाहीतर मुलं त्याला केक म्हणणार नाहीत.

दोन आठवडे आधी त्यांनी सरावाचा केक केला आणि तो फसला. मी शेजारच्याच गल्लीत राहते आणि घरी बेकिंग शिकवते, म्हणून त्या डब्यात तुकडा घेऊन आल्या. "ताई, काय चुकलं ते सांगा. साहित्य सगळं चांगलं घातलं होतं." साहित्य खरोखरच उत्तम होतं. त्यांच्या तक्रारी तीन होत्या: केकचा खालचा भाग कच्चा राहिला, फोडी तळाला बसल्या, आणि वरचं क्रीम घसरून ताटलीत आलं. त्या तिन्हींसाठी तीन उपाय विचारत होत्या. मला तुकडा हातात घेतल्यावर वाटलं की तिन्ही तक्रारी एकाच ठिकाणाहून येतायत. फळातलं पाणी कुणी मोजलंच नव्हतं.

पहिल्या केकमध्ये काय काय होतं

वहिनींनी आपल्याकडे घरोघरी चालतो तो दह्याचा बिनअंड्याचा केक आधाराला घेतला होता. मैदा १९० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, दही २४० ग्रॅम, तेल ११० ग्रॅम, बेकिंग पावडर सव्वा चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा. हे प्रमाण चांगलं आहे. नुसता व्हॅनिलाचा केक यात नेहमी नीट होतो. त्यात त्यांनी ताज्या हापूसचा रस २५० ग्रॅम घातला. मिश्रण पातळ वाटलं म्हणून मैदा आणखी दोन मोठे चमचे. फुगावा म्हणून सोडा दीड चमचा. आणि शेवटी दीडशे ग्रॅम आंब्याच्या फोडी. हे सगळं सहा इंची उंच टिनमध्ये गेलं, पाऊण टिन भरला, आणि ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या घरगुती ओव्हनमध्ये, १८० अंशांवर ३५ मिनिटं.

केक भराभर वर आला, टिनच्या काठाबाहेर डोकावला, आणि बाहेर काढण्याआधीच मध्ये खचला. वरचा पापुद्रा काळपट तांबडा. कापल्यावर वरच्या दोन बोटांत मोठी मोठी भोकं, आणि खाली खरवसासारखा घट्ट, ओला, चमकणारा थर. त्यात सगळ्या फोडी एका रांगेत बसलेल्या. चव घेतली तर आंबा कमी आणि साबणाची किंचित झाक जास्त. ती झाक सोड्याची. एक वाटी दह्याचा आंबटपणा मारायला अर्धा चमचा सोडा पुरतो. आंब्याचा रस आंबट-गोड असल्यामुळे थोडा आणखी खपतो, पण दीड चमचा खपवण्याइतका आंबटपणा त्या भांड्यात नव्हता. उरलेला सोडा केकमध्येच राहिला, त्यानं रंग काळपट केला आणि चव बिघडवली.

केक फुगला नाही की सोडा वाढवायचा, हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. सोडा वायू तयार करतो. तो वायू धरून ठेवणारी भिंत मैदा, स्टार्च आणि (असलं तर) अंडं यांची असते. भिंतच ओली असेल तर वायू जास्त झाल्यानं बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, वर येऊन फुटतात, आणि केक जास्तच खाली बसतो. वहिनींच्या केकमध्ये वरची भोकं आणि मधला खड्डा यातूनच आला होता.

भाजायला वेळ कमी पडला का?

घरातल्या सगळ्यांचं म्हणणं हेच होतं: अजून वीस मिनिटं ठेवायला हवा होता. शंका रास्त होती, म्हणून आधी तीच तपासली. त्यांच्या ओटीजीत थर्मामीटर ठेवला तर काटा १८० वर असताना आतलं तापमान २०० च्या जवळ जात होतं. घरगुती ओटीजीत असा फरक अगदी नेहमीचा आहे, आणि ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर हा बेकिंगच्या सामानात मी सगळ्यात आधी घ्यायला सांगते. वरून लवकर तांबूस होण्याचं अर्धं कारण तिथं होतं.

मग त्यांच्याच प्रमाणानं, अर्ध्या मापानं, माझ्या ओव्हनमध्ये नेमक्या १७० अंशांवर एक केक लावला आणि जवळजवळ तासभर ठेवला. कडा कोरड्या पडल्या, वर चीर गेली, आतलं तापमान ९८ अंशांपर्यंत पोहोचलं, म्हणजे केक शिजल्याची खूण मिळाली. कापला तर खालचा ओला थर तसाच. तो कच्चा नव्हता, शिजलेलाच होता, आणि तरी ओला होता. वेळेचा मुद्दा इथं निकालात निघाला.

एक गोष्ट यातून वहिनींच्याही लक्षात आली. फळाच्या केकमध्ये टूथपिक खुपसून पाहण्यावर फार विसंबू नये. टूथपिक फोडीतून गेली तर ओलीच येते आणि आपण केक उगाच वाळवतो. दोन फोडींच्या मधून गेली तर स्वच्छ येते आणि आपण फसतो. मधोमध बोटानं हलकं दाबलं की केक परत वर यायला हवा, आणि कडा टिनपासून किंचित सुटलेल्या दिसायला हव्यात. या दोन खुणा जास्त खऱ्या.

पाण्याचा हिशेब

पिकलेल्या आंब्याच्या रसात पाच भागांत साधारण चार भाग पाणीच असतं. रस दाट दिसतो म्हणून तो आपल्याला घट्ट पदार्थ वाटतो. दाटपणा त्यातल्या गराचा, पेक्टिनचा आणि साखरेचा. २५० ग्रॅम रस म्हणजे २०० ग्रॅम पाणी. २४० ग्रॅम दह्यात आणखी २१० च्या आसपास. म्हणजे वहिनींच्या मिश्रणात ४१० ग्रॅम पाणी होतं आणि ते धरायला मैदा होता २१० ग्रॅम. जवळपास दुप्पट. मूळच्या दह्याच्या केकमध्ये हेच गुणोत्तर सव्वापटीच्या आत असतं. बिनअंड्याच्या केकला माझ्या मते सव्वापट ही लक्ष्मणरेषा मानावी. अंड्याच्या केकला थोडी सूट मिळते, कारण अंड्यातली प्रथिनं गोठताना ओलावा धरून ठेवतात.

याच्या जोडीला साखर. रसात स्वतःची साखर असते. २५० ग्रॅम रसातून साधारण ४० ग्रॅम आली, वर २०० ग्रॅम घातलेली होतीच. साखर जितकी जास्त तितका मैद्यातला स्टार्च जास्त तापमानाला फुलतो, म्हणजे केकचा सांगाडा उशिरा उभा राहतो. इकडे सोड्याचा वायू मात्र कधीच येऊन निघून गेलेला असतो. पातळ मिश्रणात जड गर हळूहळू खाली बसतो, फोडी त्याच्या आधी तळ गाठतात, आणि वर हलका जाळीदार, खाली घट्ट ओला असे दोन थर होतात. डब्यातल्या तुकड्यात हे सगळं डोळ्यांना दिसत होतं.

वहिनींनी विचारलं, "मग रस कमी घालू का?" तसं करता येतं. शंभर ग्रॅम घातला तर केक उत्तम होतो, आणि आंब्याची चव जवळजवळ लागत नाही. मग लोक आंब्याचा इसेन्स आणि पिवळा रंग घालतात. पेटीभर हापूस घरात असताना इसेन्सची बाटली उघडणं मला पटत नाही.

रस आटवला

उत्तर कोकणातल्या स्वयंपाकघरात आधीपासूनच आहे. आंबे एकदम पिकले की रस आटवून ठेवायचा, किंवा ताटांत पसरून उन्हात वाळवून साठं करायची, ही तिथली जुनी रीत. आंबा टिकवायचा म्हणजे त्यातलं पाणी काढायचं. केकला नेमकं तेच हवं होतं.

गणित असं. ३०० ग्रॅम ताज्या रसात २४० ग्रॅम पाणी आणि ६० ग्रॅम बाकीचं सगळं: गोडी, आंबटपणा, गर, रंग. तो आटवून वजनानं निम्मा, १५० ग्रॅम केला तर ६० ग्रॅम तसंच राहतं आणि पाणी उरतं ९० ग्रॅम. म्हणजे आंबा पहिल्या केकपेक्षा जास्त आणि पाणी निम्म्याहून कमी. हे कागदावर लिहिल्यावर वहिनींचा चेहरा उजळला. त्या बँकेत नोकरी करतात, आकडे त्यांना लगेच पटतात.

आटवताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. हापूस चिरल्यावर गरात कधी कधी साका निघतो, पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग. तो आधी कापून टाकायचा, नाहीतर पूर्ण रसाला त्याचा वास लागतो. सालीवर डाग पडलेले, जास्त मऊ झालेले आंबे आटवायला घ्यायचे. देखणे आंबे खायला ठेवायचे. भांडं जाड बुडाचं, स्टीलचं किंवा नॉनस्टिक. लोखंडी कढईत आंबट रसाचा रंग मळतो. मिक्सरमधून काढून गाळून घेतलेला रस मंद आचेवर ठेवायचा, लाकडी उलथन्यानं तळ खरवडत राहायचं. अर्ध्यावर आला की तो उडायला लागतो आणि ते शिंतोडे हाताला चांगलेच भाजतात, म्हणून लांब दांड्याचं उलथनं आणि अर्धवट झाकण. ३०० ग्रॅमला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. झाला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. रिकाम्या भांड्याचं वजन आधी करून ठेवायचं आणि भांड्यासकट काट्यावर ठेवून पाहायचं. निम्मं वजन भरलं की गॅस बंद. रंग पिवळ्यावरून गडद केशरी होतो.

यात एक गोष्ट हातची जाते, आणि ती मी वहिनींना आधीच सांगितली. ताज्या हापूसचा जो वास पेटी उघडल्यावर खोलीभर पसरतो, तो उष्णतेनं उडतो. पण तो ओव्हनमध्येही उडणारच होता. ताजा रस घातलेल्या केकमध्येसुद्धा ताज्या आंब्याची चव उरत नाही, उरते ती शिजलेल्या आंब्याची, पाण्यानं फिकी झालेली. आटवलेल्या रसाची चव साठाच्या जवळ जाते: दाट, किंचित खमंग, शेवटी आंबट. आणि अप्पांचं बालपण ज्या घरात गेलं तिथं मे महिन्यात अंगणात साठं वाळत असत. ही चव त्यांच्यासाठी परकी नव्हती. ताजा आंबा हवाच असेल तर तो केकच्या शेजारी वाटीत द्यावा, केकच्या पोटात नाही, असं माझं ठाम मत आहे.

फोडींचा प्रश्नही साठानंच सुटला. फोडी मैद्यात घोळवून घातल्या की बसत नाहीत असं सांगतात. मिश्रण पातळ असेल तर घोळवलेल्या फोडीही बसतात. मिश्रण दाट असणं महत्त्वाचं, आणि तुकडे लहान व हलके असणं महत्त्वाचं. ताज्या फोडींऐवजी साठाचे चण्याएवढे तुकडे घ्यायचे ठरलं. अर्धं मिश्रण टिनमध्ये तसंच ओतायचं, तुकडे फक्त उरलेल्या अर्ध्यात मिसळून वर घालायचे. भाजताना ते थोडे खाली येतात आणि मध्यावर थांबतात.

फ्रॉस्टिंग: खरी अडचण इथं होती

केक दुरुस्त झाला तरी वरचं काम बाकी होतं, आणि मे महिन्यातली डोंबिवली फ्रॉस्टिंगला अनुकूल नाही. दुपारी ३४-३५ अंश, हवेत दमटपणा, पंख्याचं वारंही गरम.

सरावाच्या केकवर वहिनींनी दुकानात सहज मिळणारं साधं क्रीम फेटून लावलं होतं. खोक्यावर २५ टक्के स्निग्धांश लिहिलेला होता. फेटून उभं राहायला क्रीममध्ये किमान ३० टक्के स्निग्धांश लागतो, ३५ असेल तर बरं, आणि क्रीम, भांडं, पाती सगळं फ्रीजमधून काढलेलं थंडगार हवं. कमी स्निग्धांशाचं क्रीम कितीही फेटलं तरी घट्ट होत नाही. ते होईना म्हणून त्यांनी पिठीसाखर वाढवत नेली. साखर त्या पाण्यात विरघळून पाक झाला आणि क्रीम आणखी सैल पडलं. वर ताज्या फोडी रचल्या. गोड फ्रॉस्टिंगनं फोडींतलं पाणी ओढून घेतलं, आणि अर्ध्या तासात सगळं ताटलीत.

पुढचा पर्याय बटरक्रीम. चवीला छान, पण दुधाची चरबी २८-३० अंशांना लुसलुशीत होते आणि ३५ च्या आत बाहेर वितळून जाते. अप्पांच्या घरात एसी फक्त झोपायच्या खोलीत. बटरक्रीमचा केक हॉलमध्ये ठेवून ७५ दिवे ओवाळेपर्यंत त्याचा आकार राहिला नसता. घरचं लोणी वापरू का, असंही त्यांनी विचारलं. घरच्या लोण्यात ताकाचा अंश आणि पाणी बरंच असतं, ते आणखी लवकर फुटतं.

तिसरा पर्याय बेकरीवाले वापरतात ते वनस्पती तेलापासूनचं गोड व्हिप टॉपिंग. उन्हाळ्यात ते दुधाच्या क्रीमपेक्षा नक्कीच जास्त टिकतं, फुलंही सुबक निघतात. पण टाळूला त्याचा मेणचट थर बसतो, आणि वहिनी म्हणाल्या की अप्पा विकतच्या केकचं क्रीम नेहमी बाजूला सारून खालचा केक खातात. मग ते लावण्यात अर्थ नव्हता.

अशा रीतीनं आम्ही चक्क्यावर आलो. हे सुचायला वेळ लागायला नको होता. आम्रखंड हे गोड, घट्ट, आंब्याचं आणि या हवेला ओळखणारं पक्वान्न घरात होतंच. फक्त श्रीखंड वाटीत बसतं. केकच्या उभ्या कडेवर ते धरायला हवं. त्यासाठी पुन्हा तोच हिशेब, पाणी किती आणि ते कोण धरणार.

एक किलो म्हशीच्या दुधाच्या दह्यातून रात्रभरात साधारण ४०० ते ४५० ग्रॅम चक्का निघतो. मे महिन्यात दही ओट्यावर टांगून ठेवलं तर सकाळपर्यंत आंबट होतं. म्हणून फडक्यात बांधून, चाळणीत ठेवून, खाली पातेलं आणि वर वजन, असं फ्रीजमध्येच ठेवायचं. बारा तासांनी फडकं पिळून आणखी थोडं पाणी काढायचं. बोटानं दाबल्यावर खळगा तसाच राहिला पाहिजे.

चक्क्यात साखर घातली की तो सैल होतो, हे श्रीखंड करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. साखर चक्क्यातलं पाणी ओढून घेते. म्हणून साखर कमी ठेवली आणि गोडी आटवलेल्या रसावर सोपवली. ठरलेलं प्रमाण असं: चक्का ४०० ग्रॅम, बिनमिठाचं बटर १०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, आटवलेला रस १०० ग्रॅम, दुधाची पावडर दोन मोठे चमचे, वेलची आणि चार काड्या केशर. बटर थोडंच आहे. ते फ्रीजमध्ये घट्ट होऊन चक्क्याला आधार देतं. दुधाची पावडर मोकळं पाणी शोषते. पिठीसाखर घरची असली तर दोनदा चाळायची, कण राहिला की जिभेला लागतो.

क्रम फार महत्त्वाचा. आधी बटर आणि पिठीसाखर बीटरनं पांढरं होईपर्यंत फेटायचं, त्यात दुधाची पावडर आणि पूर्ण गार झालेला रस. इथं बीटर बंद. चक्का हातानं, सिलिकॉनच्या उलथन्यानं, तीन भागांत हलकेच मिसळायचा. चक्का बीटरनं फेटला की त्याची घडण मोडते आणि तो वाहायला लागतो. मग फ्रीजमध्ये ठेवूनही पूर्वीचा होत नाही. दुसरीकडे, फ्रीजमधून काढलेला गारठलेला चक्का तसाच घातला तर बटर थंडीनं आकसून कण्या दिसतात. दहा मिनिटं बाहेर ठेवून घालायचा. मिसळून झाल्यावर दोन तास फ्रीज, मगच केकला लावायचं.

याची फुलं काढायच्या नादी लागू नये. वहिनींच्या धाकट्या जावेनं नोझल लावून पाहिलं. पिशवीतून पहिली दोन फुलं सुरेख आली, पुढची हाताच्या उबेनं पसरली. पसरट सुरीनं जाड थर द्यावा आणि काट्याच्या दातांनी रेघा ओढाव्यात, एवढं या फ्रॉस्टिंगला शोभतं.

कार्यक्रमाचा केक

तीस माणसांसाठी खालचं माप दोनदा केलं, म्हणजे आठ इंची दोन थर. एका थराला मैदा १९० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, घट्ट दही १२० ग्रॅम, आटवलेला रस १५० ग्रॅम, तेल १०० ग्रॅम, दूध दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर सव्वा चमचा, सोडा अर्धा चमचा, चिमूटभर मीठ, साठाचे तुकडे ६० ग्रॅम. पाणी मोजलं तर २२० ग्रॅमच्या आसपास, मैद्याच्या सव्वापटीच्या आत. दही निम्मं झालं तरी सोडा अर्धा चमचाच ठेवला, कारण आटवल्यानं रसाचा आंबटपणाही एकवटतो.

रस, दही, साखर आणि तेल आधी एकजीव केलं, चाळलेला मैदा शेवटी घातला आणि पीठ दिसेनासं होताच हात थांबवला. जास्त घोटलं तर केक चिवट होतो. टिन बदलणं हीही दुरुस्तीच होती. सहा इंची टिनमध्ये मिश्रण सहा सेंटिमीटर उंच भरलं होतं. आठ इंचीत ते अडीच सेंटिमीटरच्या आत राहिलं, त्यामुळे उष्णता मध्यापर्यंत वेळेवर पोहोचली. मधल्या खणात, वरचे-खालचे दोन्ही रॉड चालू, थर्मामीटरवर १७० अंश, ३३ ते ३५ मिनिटं. रंग सोनेरी केशरी आला, माथा सपाट, आतली जाळी तळापर्यंत एकसारखी.

थर आदल्या दिवशी भाजून, पूर्ण गार करून, गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवले. गार थर कापायला आणि लिंपायला सोपे जातात. साखरेचं पाणी शिंपडलं नाही. हा केक मुळातच ओलसर आहे. आधी फ्रॉस्टिंगचा पातळ हात देऊन चुरा बसवला, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला, मग जाड थर. वर ताज्या फोडी नाहीत. साठाच्या लांब पट्ट्या कापून, गुंडाळून त्यांची फुलं केली आणि भोवती पिस्त्याचे काप. साठ पाणी सोडत नाही, उलट फ्रॉस्टिंगमधला थोडा ओलावा घेऊन मऊ होतं.

केक ओवाळणी सुरू व्हायच्या वेळी फ्रीजमधून निघाला आणि औक्षण, फोटो, आशीर्वाद होऊन कापेपर्यंत पाऊण तास हॉलमध्ये होता. कडेचा एक कोपरा किंचित मऊ पडला, बाकी रेघा शाबूत. चक्क्याचं फ्रॉस्टिंग असल्यामुळे या हवेत तास-सव्वा तासाहून जास्त बाहेर ठेवू नका असं मी बजावलं होतं; उरलेला लगेच परत आत गेला. ताज्या हापूसच्या गार फोडी वाट्यांतून वेगळ्या दिल्या होत्या. वहिनींनी रात्री फोन करून सांगितलं की अप्पांनी फ्रॉस्टिंगसकट दोन तुकडे खाल्ले आणि विचारलं, साठ कुणाकडून आणलंस.

दुसऱ्या फळांना हा हिशेब लावताना

वहिनींच्या जावेला आता हिवाळ्यात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा असाच केक करायचा आहे. तिला सांगितलं ते इथंही लिहिते. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणून ती निम्म्यावर आणून भागत नाही, तिसऱ्या हिश्शावर आटवावी लागते. केळ्यात पाणी कमी आणि गर घट्ट, ते न आटवता कुस्करून चालतं; फक्त दही निम्मं करावं. चिकूही तसाच, पण तो आंबट नाही, त्यामुळे सोडा खपवायला दही ठेवावंच लागतं. सीताफळाचा गर शिजवला की काही वेळा कडवटतो, तो केकमध्ये न घालता चक्क्याच्या फ्रॉस्टिंगमध्ये गारच मिसळावा. अननस मात्र चक्क्यात कच्चा कधीही घालू नये. त्यातलं एन्झाइम दुधाची प्रथिनं तोडतं, फ्रॉस्टिंग तासाभरात पातळ आणि कडू होतं. साखर घालून पाच-सात मिनिटं चांगला उकळून, निथळून, गार करून घातला तर काही होत नाही.